हिरवी स्मूदी कडू का लागते? घरच्या मिक्सरमध्ये चवदार ग्लास कसा करायचा?

मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळं सोपं दिसतं. काचेच्या भांड्यात मूठभर पानं पडतात, वरून दोन-तीन फळं येतात, बटण दाबलं की हिरवागार ग्लास तयार. तीच कृती घरी केली की अनेकदा वेगळंच काहीतरी हाती येतं. रंग चिखलासारखा, वास कापलेल्या गवताचा, तोंडात पानांचा चोथा आणि घशाशी कडवटपणा. घरातली मुलं एक घोट घेतात आणि ग्लास तसाच ओट्यावर राहतो.

मग दोन गोष्टी होतात. काही जण नाद सोडून देतात, तर काही जण चव झाकण्यासाठी मध, खजूर आणि साखर घालत राहतात. दुसऱ्या प्रकारात ग्लास गोड होतो, पण ज्यासाठी तो केला तो हेतूच मागे पडतो.

खरं तर यासाठी महागडी पावडर लागत नाही आणि परदेशी पालाही लागत नाही. सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. तुळजापूर तालुक्यातल्या या गावाच्या आसपासच्या पट्ट्यात जे पिकतं, बाजारात जे मिळतं, त्यावर वर्षभर उत्तम हिरवी स्मूदी करता येते. पालक, कोथिंबीर, पुदिना, शेवगा, द्राक्षं, केळी, पेरू, सीताफळ, दही, शेंगदाणे आणि लिंबू. गरज आहे ती कोणती गोष्ट किती आणि केव्हा घालायची हे समजून घेण्याची.

हिरवी स्मूदी म्हणजे नेमकं काय?

ज्यूस आणि स्मूदी यांत मोठा फरक आहे. ज्यूस गाळला जातो, त्याचा चोथा टाकून दिला जातो. स्मूदीत फळ आणि पानं अख्खी वाटली जातात, त्यामुळे तंतुमय भाग ग्लासातच राहतो. म्हणून स्मूदी दाट असते आणि प्यायल्यावर पोट भरल्यासारखं वाटतं.

कच्ची पानं फळांसोबत वाटून पिण्याची पद्धत जगभर पोहोचवण्यात अमेरिकेत राहणाऱ्या व्हिक्टोरिया बुटेन्को यांच्या लेखनाचा मोठा वाटा मानला जातो. त्यांचं ‘ग्रीन फॉर लाइफ’ हे पुस्तक 2005 मध्ये आलं. पुढे समाजमाध्यमांनी हा ग्लास घराघरात नेला.

पण हिरवं पेय आपल्याकडे नवं नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेबीसोबत येणारा मठ्ठा आठवा. ताकात कोथिंबीर, आलं, हिरवी मिरची, जिरं आणि मीठ वाटून घातलेलं असतं. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या रसवंतीवर ऊसासोबत आलं आणि लिंबू चरकात जातं, तेव्हा मिळणारा रसही हिरवटच असतो. या दोन्ही पेयांत चवीचं जे गणित आहे, तेच हिरव्या स्मूदीला लागू होतं. मठ्ठ्यात मीठ आणि आंबटपणा कच्च्या पाल्याचा उग्रपणा दाबतात. ऊसाच्या रसात आलं आणि लिंबू नुसत्या गोडाला धार देतात.

कडवटपणा आणि गवताचा वास येतो कुठून?

पान अख्खं असतं तेव्हा त्याला फारसा वास नसतो. ते कापलं किंवा वाटलं की पेशी फुटतात, आतली विकरं मोकळी होतात आणि काही क्षणांत तो ओळखीचा ‘हिरवा’ वास तयार होतो. ताज्या कापलेल्या गवताला येणारा वासही असाच तयार होतो. म्हणजे पानं जितकी बारीक वाटाल तितका हा वास सुटणार. तो पूर्ण टाळता येत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो.

त्यासाठी चार गोष्टी मदत करतात.

पहिली, आंबटपणा. लिंबू, दही, मोसंबी किंवा आंबट द्राक्षं यांनी चव उजळते आणि वास मागे पडतो.

दुसरी, मीठ. गोड स्मूदीतही चिमूटभर मीठ घालावं. मीठ कडू चव दाबतं आणि फळाचा गोडवा पुढे आणतं. पेरूवर किंवा कलिंगडावर मीठ भुरभुरण्यामागे हेच कारण आहे.

तिसरी, थोडी स्निग्धता. दही, भिजवलेले शेंगदाणे, तीळ किंवा बदाम यांनी स्मूदीला अंग येतं आणि जिभेवरचा कडवटपणा बोथट होतो.

चौथी, गारवा. थंड पदार्थाचा वास कमी जाणवतो. तीच स्मूदी कोमट प्यायली तर जास्त उग्र लागते.

यात साखरेचं नाव नाही, हे लक्षात घ्या. पिकलेलं केळं किंवा फळ पुरेसं गोड असतं.

कोणता पाला घ्यायचा आणि कोणता नाही?

बाजारात दिसणारी प्रत्येक पालेभाजी स्मूदीत चालत नाही. इथेच सर्वाधिक चुका होतात.

पालक: सुरुवात याच्यापासून करावी. कोवळ्या पालकाची चव सौम्य असते आणि फळात सहज मिसळते. जाड देठ काढून फक्त पानं घ्यावीत. जून पालक तुरट लागतो.

कोथिंबीर आणि पुदिना: हे दोन्ही मुख्य पाला म्हणून नकोत, जोडीला हवेत. पुदिन्याची आठ-दहा पानं पूर्ण ग्लासाचा वास बदलतात. त्याहून जास्त घातली तर तोंडात टूथपेस्टची चव येते.

शेवग्याचा पाला: पौष्टिक, पण चवीला तिखट-कडवट. ग्लासामागे कोवळ्या पानांचा एक मोठा चमचा पुरे. पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून काढली तर उग्रपणा कमी होतो.

तांदुळजा, राजगिरा, चाकवत: या भाज्या शिजवूनच चांगल्या लागतात. कच्च्या वाटल्या तर मातकट चव येते.

मेथी आणि शेपू: मेथीचा कडवटपणा आणि शेपूचा वास फळाला जुमानत नाही. या भाज्या ताटातच शोभतात.

आंबट चुका, घोळ, हरभऱ्याचा पाला: तिन्ही मुळातच आंबट. चार-पाच पानं लिंबाऐवजी चालतील, मूठभर नकोत.

अळू: कच्चं कधीही घालू नये. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चं पान पोटात गेलं तर तोंड आणि घसा खाजतो, सुजूही शकतो. अळूचं फदफदं चिंच घालून नीट शिजवतात ते उगाच नाही.

दुधी: हिरवा ज्यूस म्हटलं की अनेक जण दुधी घेतात. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. कडू दुधीचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या समितीने याचा अभ्यास केला. कच्च्या दुधीचा छोटा तुकडा आधी चाखावा, कडू लागला तर दुधी फेकून द्यावा आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नये, असा सल्ला त्यातून पुढे आला. कारण गोड फळात कडूपणा लपतो, विष मात्र तसंच राहतं. काकडीही त्याच कुळातली आहे. म्हणून काकडीचं टोक आधी चाखा, कडू असेल तर ती काकडी वापरू नका.

प्रमाण काय ठेवायचं?

एका मोठ्या ग्लाससाठी हे साधं सूत्र लक्षात ठेवा.

- पाला: एक वाटी सैल भरलेली, साधारण 30 ग्रॅम
- गोड फळ: एक मध्यम पिकलेलं केळं किंवा तेवढंच दुसरं फळ
- आंबट: अर्ध्या लिंबाचा रस किंवा दोन मोठे चमचे दही
- दाटपणा: एक मोठा चमचा भिजवलेले शेंगदाणे, डाळं किंवा भाजलेले तीळ
- पाणी किंवा पातळ ताक: पाऊण ते एक वाटी
- चिमूटभर मीठ आणि हवं तर आल्याचा छोटा तुकडा

पहिले आठ दिवस पाला अर्धी वाटीच घ्या. जिभेला सवय झाली की वाढवा. पहिल्याच दिवशी अर्धी पेंडी घातली तर दुसऱ्या दिवशी घरात कुणी मिक्सरजवळ फिरकणार नाही.

ओट्स, चिया आणि बदामाचं दूध असलंच पाहिजे असं नाही. शेंगदाणे रात्री भिजवून वाटले तर स्मूदी दुधाळ आणि दाट होते. फुटाण्याचं डाळं तर न भिजवताही चालतं. चियाऐवजी सब्जा पाण्यात फुगवून वरून घालता येतो. जवस भाजून केलेली पूड अनेक घरांत असतेच, तिचा एक चमचा पुरेसा आहे. फक्त चटणीची, तिखट-मीठ-लसूण घातलेली पूड चुकून घालू नका.

घरचा मिक्सर पुरतो का?

पुरतो. फक्त पद्धत थोडी बदलावी लागते.

व्हिडिओत दिसणारे ब्लेंडर उंच भांड्यात सगळं एकदम फिरवतात. आपला मिक्सर मुळात वाटणासाठी केलेला आहे. चटणी, मसाला, इडलीचं पीठ ही त्याची कामं. त्यात पानं, फळ, बर्फ आणि पाणी एकदम टाकलं तर पानं पाण्यावर तरंगतात, पात्यात सापडत नाहीत आणि तुकडे तसेच राहतात.

म्हणून काम दोन टप्प्यांत करा.

1. चटणीच्या छोट्या भांड्यात धुतलेली पानं, आलं, भिजवलेले शेंगदाणे आणि दोन-तीन चमचे पाणी घाला. चटणीसारखं अगदी बारीक वाटा. बोटांत चोळून बघा, कण लागायला नकोत.
2. हे वाटण मोठ्या भांड्यात काढा. त्यात फळाचे तुकडे आणि उरलेलं पाणी किंवा ताक घालून पुन्हा फिरवा.
3. शेवटी लिंबू आणि मीठ घालून फक्त दोन सेकंद फिरवा.

मिक्सर सलग मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका. भांडं गरम होतं, स्मूदी कोमट होते आणि फेसही येतो. मधे थांबून, कडेला चिकटलेलं खाली ओढून पुन्हा फिरवा.

बर्फाचे मोठे खडे टाकले तर पात्यांवर ताण येतो आणि वितळल्यावर चव पातळ होते. त्यापेक्षा केळ्याचे काप किंवा द्राक्षं आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. तेच बर्फाचं काम करतात.

वीज गेली तर?

गावाकडे हा प्रश्न खरा आहे. सकाळी नेमकी त्याच वेळी वीज गेली तर स्मूदीचा बेत फसतो. अशा वेळी पाट्यावर किंवा खलबत्त्यात पानं, आलं, मीठ आणि शेंगदाणे वाटा. केळं काट्याने किंवा हाताने कुस्करा. दोन्ही ताकात घालून रवीने घुसळा. पोत थोडा जाडसर येतो, पण चव उत्तम असते.

दुसरा उपाय आदल्या दिवशीचा आहे. पालक उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट घाला, लगेच गार पाण्यात काढा, पिळून वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. सकाळी दोन-तीन खडे थोडा वेळ बाहेर ठेवून ताकात घुसळले की झालं.

या पद्धतीचे आणखी तीन फायदे आहेत. गवताचा वास तयार करणारी विकरं उष्णतेने निकामी होतात, त्यामुळे वास कमी येतो. पानांवरचे जंतू बऱ्याच प्रमाणात मरतात. आणि पाणी फेकून दिल्यामुळे पालकातलं काही ऑक्सलेटही निघून जातं. तोटा एकच, ‘क’ जीवनसत्त्व थोडं कमी होतं. ते लिंबू भरून काढतं.

हिरवा रंग टिकत का नाही?

याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण फळाच्या रंगाचं. हिरव्यात लाल किंवा जांभळा मिसळला की तपकिरी होतो. त्यामुळे डाळिंब, बीट, जांभूळ, काळी द्राक्षं पालकासोबत घातली तर चव चांगली असूनही ग्लास चिखलासारखा दिसतो. हिरवा रंग हवा असेल तर केळं, हिरवी द्राक्षं, पेरू, सीताफळ, काकडी असे पांढरट-हिरवट घटक घ्या. डाळिंबाचे दाणे वरून घाला, वाटू नका.

दुसरं कारण रसायनाचं. पानांचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. आंबटपणा आणि उष्णता यांमुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग हळूहळू मेंदीसारखा होतो. पालकाची भाजी जास्त शिजली की काळपट दिसते, तेही याचमुळे. म्हणून लिंबू अगदी शेवटी घालावं आणि स्मूदी लगेच प्यावी.

ऋतूप्रमाणे चार कृती

1. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी: पालक, केळं, लिंबू
एक वाटी कोवळा पालक, एक चमचा भिजवलेले शेंगदाणे आणि आल्याचा तुकडा बारीक वाटा. एक पूर्ण पिकलेलं गार केळं आणि पाऊण वाटी पाणी घालून फिरवा. अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ. केळ्याच्या सालीवर काळे ठिपके आलेले असावेत. कच्चट केळं तुरट लागतं आणि मग साखर घालावीशी वाटते.

2. उन्हाळ्याच्या तोंडावर: द्राक्षं आणि पुदिना
धाराशिव आणि सोलापूर हे दोन्ही द्राक्षांचे जिल्हे. हंगामात बिनबियांची हिरवी द्राक्षं भरपूर मिळतात. एक वाटी द्राक्षं नीट धुऊन, पुसून फ्रीजरमध्ये ठेवा. अर्धी वाटी पालक आणि आठ पुदिन्याची पानं दोन चमचे पाण्यात वाटा. मग गोठलेली द्राक्षं, अर्धी काकडी आणि मीठ घालून फिरवा. द्राक्षं गोड असतील तर दुसरं गोड काही लागत नाही.

3. पावसाळ्यानंतर: सीताफळ आणि पालक
बालाघाटच्या डोंगररांगांत सीताफळ मुबलक येतं. दोन पिकलेल्या सीताफळांचा गर हाताने काढा आणि एकेक बी वेचून बाजूला करा. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्या मिक्सरमध्ये जाता कामा नयेत. अर्धी वाटी उकळत्या पाण्यातून काढलेला पालक आणि दोन चमचे गोड दही एकत्र वाटा. गर शेवटी घालून रवीने किंवा चमच्याने फेटा. थंड करून प्या. चव आइस्क्रीमच्या जवळ जाते.

4. साखर नको असलेल्यांसाठी: हिरवा मठ्ठा स्मूदी
अर्धी वाटी पालक, अर्धी वाटी कोथिंबीर, पाच पुदिन्याची पानं, अर्धी हिरवी मिरची, आलं, भाजलेलं जिरं, एक चमचा डाळं आणि मीठ हे सगळं चटणीसारखं वाटा. एक वाटी ताक आणि अर्धी काकडी घालून फिरवा. ज्यांना गोड हिरवं पेय पचनी पडत नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. घरातली मोठी माणसं फळांच्या स्मूदीकडे बघून नाक मुरडतात, पण हा ग्लास त्यांना ओळखीचा वाटतो.

चव बिघडली तर काय करायचं?

- कडू लागते: आधी चिमूटभर मीठ, मग लिंबू, मग अर्धं केळं. याच क्रमाने. कडूपणा दुधीचा किंवा काकडीचा असेल तर मात्र दुरुस्ती नको, सरळ ओतून द्या.
- गवताचा वास येतो: पुदिना किंवा आलं घाला आणि अर्धा तास गार करा.
- सपक लागते: मीठ किंवा आंबटपणा कमी पडला आहे. गोड वाढवू नका.
- चोथा लागतो: पानं आधी वेगळी वाटली नाहीत. पुढच्या वेळी चटणीचं भांडं वापरा. आज गाळून घेतलं तरी चालेल.
- फार गोड झाली: काकडी, ताक किंवा पालक वाढवा.
- वर फेस आला: पाच मिनिटं ठेवा, चमच्याने काढून टाका.

पाला धुण्याचं एवढं महत्त्व का?

भाजी शिजते, स्मूदी शिजत नाही. मातीतले आणि पाण्यातले जंतू थेट पोटात जाऊ शकतात. पावसाळ्यात पालेभाजीच्या मुळाशी चिखल असतो, तेव्हा हा धोका वाढतो.

पेंडी सोडून पानं वेगळी करा. मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात बुडवून वर काढा, म्हणजे माती तळाला बसते. पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत बदला. शेवटी वाहत्या पाण्याखाली धुवा. द्राक्षांचा घड अख्खा न धुता मणी सुटे करून धुवा, कारण फवारणीचे अंश देठाजवळ अडकतात. धुण्याने सगळी औषधं जात नाहीत, पण वरवरचे अंश नक्की कमी होतात. स्मूदीत घालायचं पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचंच हवं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थेट वापरू नका.

रक्त वाढतं का? रोज प्यावी का?

हिरवी स्मूदी म्हणजे रक्तवाढीचं औषध, असा दावा अनेक रील्समध्ये दिसतो. हा मुद्दा गांभीर्याने घ्यायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्क्यांहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त.

पण 100 ग्रॅम पालकात लोह सुमारे 3 मिलिग्रॅमच असतं. स्मूदीत आपण 30 ग्रॅम पालक घालतो, म्हणजे साधारण 1 मिलिग्रॅम. शिवाय वनस्पतींमधलं लोह शरीरात कमी प्रमाणात शोषलं जातं. लिंबू, पेरू, मोसंबी यांतलं ‘क’ जीवनसत्त्व शोषण वाढवतं, तर चहा ते कमी करतो. म्हणून लोहासाठी स्मूदी पीत असाल तर दुधाऐवजी लिंबू-पाण्याची करा आणि लगेच चहा घेऊ नका. पण रक्तक्षय असेल तर हा ग्लास लोहाच्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या बंद करून स्मूदीवर विसंबणं धोक्याचं आहे.

दुसरा प्रश्न साखरेचा. दोन केळी, अर्धी वाटी द्राक्षं, चार खजूर आणि दोन चमचे मध घातले तर एका ग्लासात साखर साधारण 70 ग्रॅमच्या घरात जाते. फळं चावून खाताना आपण मधेच थांबतो, ग्लास मात्र दोन मिनिटांत संपतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ज्यूस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलीलीटरपेक्षा जास्त घेऊ नका असं सांगते. मधुमेह असलेल्यांनी फळांची स्मूदी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. त्यांच्यासाठी हिरवा मठ्ठा जास्त बरा.

तिसरा प्रश्न ऑक्सलेटचा. पालकात ते भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज कच्च्या पालकाची स्मूदी पिऊ नये. 2018 मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडविषयक एका वैद्यकीय नियतकालिकात 65 वर्षांच्या महिलेचं प्रकरण प्रसिद्ध झालं होतं. ‘शरीरशुद्धी’ म्हणून ऑक्सलेटयुक्त हिरव्या स्मूदी घेतल्यानंतर त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांची आधी जठराची शस्त्रक्रिया झालेली होती आणि प्रतिजैविकांचा दीर्घ वापरही झाला होता, म्हणजे धोका आधीच वाढलेला होता. निरोगी माणसाने एका ग्लासाने घाबरण्याचं कारण नाही. पण ‘जेवण बंद, फक्त हिरवी स्मूदी’ हा प्रकार कुणीच करू नये.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी औषधं घेणाऱ्यांनीही काळजी घ्यावी. हिरव्या पाल्यातलं ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या परिणामात बदल करतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांशी बोलावं. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नये.

करून ठेवता येते का?

ताजी पिणंच उत्तम. ठेवायचीच असेल तर काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये ठेवून 24 तासांच्या आत संपवा. वर-खाली थर वेगळे झाले तर हलवून घ्या, ते खराब झाल्याचं लक्षण नाही. फ्रीजबाहेर तासन्‌तास ठेवलेली स्मूदी मात्र पिऊ नका, विशेषतः उन्हाळ्यात. लिंबू किंवा ताक घातलेली स्मूदी तांब्या-पितळेच्या भांड्यात ओतू नका, आंबटपणामुळे धातूचा अंश पेयात उतरतो.

ताटातली भाजी सोडू नका

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात 2000 कॅलरीच्या आहारासाठी दिवसाला पालेभाज्यांसह 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सुचवली आहेत. स्मूदीच्या ग्लासातला 30 ग्रॅम पाला या हिशोबात किती छोटा आहे, ते लगेच लक्षात येतं.

म्हणून ज्वारीच्या भाकरीसोबतची मेथी, तांदुळजा, करडईची भाजी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी या ग्लासामुळे मागे पडायला नको. स्मूदी ही भाजी न खाणाऱ्या मुलांसाठी, सकाळी घाईत घराबाहेर पडणाऱ्यांसाठी किंवा उन्हातून आलेल्यांसाठी जास्तीची सोय आहे.

उद्या सकाळी करून बघायची असेल तर आज रात्री एवढंच करा. मूठभर शेंगदाणे भिजत घाला आणि एक पिकलेलं केळं सोलून, काप करून फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी अर्धी वाटी पालक, अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ. पहिला घोट घरात जो सर्वांत जास्त कुरकुर करतो, त्याला द्या. त्याने ग्लास संपवला तर प्रमाण जमलं असं समजा.